पॅरामेडिक विद्यार्थ्यांना टीम लीड करायला कसं शिकवता?

मदत हवी आहे. शेवटच्या वर्षाच्या पॅरामेडिक विद्यार्थ्यांना सिम्युलेशन (खोट्या प्रसंगावरचा सराव) शिकवते. हाताची कौशल्यं तयार आहेत. पण कार्डिॲक अरेस्टच्या (हृदय बंद पडण्याच्या) सरावात लीडर स्वतःच छाती दाबायला बसतो. मग मॉनिटर कोण बघणार, दर 2 मिनिटांनी दाबणारा बदला असं कोण सांगणार? "कुणीतरी ॲड्रेनालिन भरा" म्हटलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

लीडरची पाळी फिरवून झाली. नाव घेऊन सूचना द्यायची, समोरच्याने ती परत म्हणायची, हेही घोटवलं. डिब्रीफिंग (सरावानंतरची चर्चा) दर वेळी होतंच. मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) फरक दिसतो, पण ॲम्ब्युलन्सवर सूत्रं सीनियरकडे (ते योग्यच), त्यामुळे विद्यार्थी पुन्हा बॅग धरून गप्प. व्याख्यानं सुचवू नका, ती झालीत.

पेशंटला धोका न होता, सीनियरच्या देखरेखीत त्यांच्यावर नेमके कोणते निर्णय सोपवता? आणि त्याचं मूल्यमापन कशावरून करता?