मदत हवी आहे: बॉल पायथन घेताना कागदपत्रांची जबाबदारी कोणाची?

नमस्कार. एका विक्रेत्याकडून बॉल पायथनचे पिल्लू घ्यावे, असा माझ्या मुलाचा हट्ट आहे. भारतीय साप पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. परंतु हा आफ्रिकी अजगर साइट्स या वन्यजीव व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये असल्याने, २०२४ च्या नियमांप्रमाणे ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणीसाठी अर्ज करावा लागतो. विक्रेता मात्र ‘आधी पैसे, कागद नंतर’ असे म्हणतो आणि स्वतःचे नोंदणी प्रमाणपत्र दाखवत नाही, हे मला खटकते. शिवाय पिल्लाच्या डोळ्यांच्या कडेला मोहरीहून बारीक, हलणारे काळे ठिपके दिसले आणि त्याने शेवटचे कधी खाल्ले याची नोंदही नव्हती. हस्तांतराची प्रक्रिया विक्रेत्याने आधी करायची असते का? तसेच आजारी पिल्लू परत घेण्याची अट ज्यांनी पावतीवर लिहून घेतली असेल, त्यांनी कृपया तिचा मजकूर कळवावा.