चौदा वर्षांच्या जिमसाठी आईने सही कशी केली असेल?

हॉथॉर्नकर
मेलबर्नला, हॉथॉर्न भागात राहते. लेक चौदाचा. २५ एप्रिलच्या ॲन्झॅक डेसाठी (ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सैनिकांचा स्मरणदिन) शाळेत प्रत्येकाने एका सैनिकावर तीन मिनिटं बोलायचंय. याने पहिल्या महायुद्धातला जिम मार्टिन निवडला. कारण काय, तर तो माझ्याएवढाच होता आणि आपल्या हॉथॉर्नलाच राहायचा! मी पोळ्या करता करता ऐकत होते, आणि एका जागी पोळी तव्यावर करपली.

जिमचा जन्म टोकमवालचा, ३ जानेवारी १९०१. म्हणजे ऑस्ट्रेलिया हा देशच तेव्हा दोन दिवसांचा होता. बहिणींमधला एकुलता एक भाऊ. १२ एप्रिल १९१५ ला वय अठरा सांगून भरती झाला. खरं वय चौदा वर्षं तीन महिने. एकविसाच्या आतल्यांना आईवडिलांची लेखी परवानगी लागायची, आणि ती त्याच्या आईने, अमेलियाने, दिली. ऑक्टोबरात पोरगं दगावलं.

लढाया, सेनापती वगैरे सांगू नका, ते शाळा सांगेल. मला दोनच गोष्टी कळत नाहीत. भरतीवाल्यांना संशय कसा आला नाही? आणि त्या बाईचा हात कसा धजावला? परवा याच्या कॅम्पच्या फॉर्मवर ‘पोहता येतं का?’ या रकान्यात टिक करायला मी तीनदा पेन उचललं होतं.

रोखठोक
यात न कळण्यासारखं काय आहे? आईबापांनी अक्कल गहाण टाकली. चौदा वर्षांचं पोर हट्ट करतं म्हणून कोणी बंदूक हातात देतं का? त्याला कोंडून ठेवायचं होतं.

सातारचा_सुभेदार
ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. अठ्ठावीस वर्षं नोकरी केली, भरतीच्या मैदानावरही उभा राहिलोय. आपल्याकडे आता दाखला, आधार, सगळं तपासतात, तरी खाडाखोड केलेला दाखला घेऊन येणारी पोरं मी पाहिलीत. एकाला तर मिसरूडही नव्हती. छाती मोजताना श्वास असा कोंडून धरला होता की डोळ्यांत पाणी आलं. परत पाठवला, तर गेटाबाहेर बसून रडला.

तिथे १९१५ मध्ये जन्माचा दाखला मागतच नव्हते. उंची, छाती, नजर बघायची आणि पोरगा सांगेल ते वय लिहायचं. जिम हाडापेराने थोराड होता, आवाज फुटलेला होता. शिवाय आईच्या हातचा कागद समोर. मग डॉक्टर कशाला खोलात जातोय?

रोखठोक, कोंडून ठेवायचं म्हणता, किती दिवस? आमच्या जिल्ह्यातल्या अपशिंग्यात जाऊन विचारा. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. तिथल्या आयांना अक्कल नव्हती असं म्हणायची माझी तरी छाती नाही.

जुना_टपाल
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जिमनेच देऊन ठेवलंय. वडील सैन्यात जायला निघाले होते, त्यांना नाकारलं. तेव्हा हा म्हणाला, मी जातो. घरात नकार मिळाल्यावर त्याने धमकी दिली: सही दिली नाहीत तर खोट्या नावाने भरती होईन आणि तुम्हाला पत्रही टाकणार नाही.

आता अमेलियाच्या जागी उभे राहा. पोरगा जाणार हे ठरलेलंच. खऱ्या नावाने गेला तर निदान पत्र येईल, काही झालं तर आपल्याला कळेल. तिने जाण्याला नाही, पत्रांना परवानगी दिली, असं मला वाटतं.

पुढचं फार वाईट आहे. २१ व्या बटालियनमध्ये तो गेला. २ सप्टेंबरला लेम्नॉस या ग्रीक बेटाजवळ त्यांच्या ‘साउथलँड’ जहाजावर पाणबुडीचा टॉर्पेडो बसला, आणि हा चार तास समुद्रात होता. त्यानंतर आठवड्याभरात तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या खंदकात. ९ ऑक्टोबरचं त्याचं पत्र टिकून आहे. तुर्क सत्तर यार्डांवर आहेत, असं त्यात सहज लिहिलंय. माझं झकास चाललंय, काळजी करू नका. आणि मग तक्रार: व्हिक्टोरिया सोडल्यापासून मला तुमचं एकही पत्र मिळालेलं नाही, मी मात्र सारखा लिहितोय. घरून लिहीत नव्हते असं नव्हे, पत्रं त्याच्यापर्यंत पोचलीच नाहीत.

त्याला गोळी लागली नाही. टायफॉइड झाला. खंदकात माश्या, घाण, पाण्याची मारामार (ते पाणी खेचरांवरून वर चढवणाऱ्यांत आपले हिंदी खेचरवालेही होते, ते कुणी सांगत नाही). दुखणं त्याने अंगावर काढलं. २५ ऑक्टोबरला संध्याकाळी पाचच्या सुमारास ‘ग्लेनार्ट कॅसल’ या इस्पितळी जहाजावर आणला. मेट्रनने (मुख्य परिचारिकेने) नंतर आईला कळवलं: बिछान्यावर नीट झोपवल्यावर त्याने आता बरं वाटतंय असं सांगितलं, आभार मानले आणि झोपायला कूस वळवली. सहा चाळीसला हृदय थांबलं. चौदा वर्षं नऊ महिने. मृतदेह समुद्रात सोडला.

मी तुर्कस्तानातल्या चनाक्कालेहून फेरीबोटीने पलीकडे गॅलिपोलीला जाऊन लोन पाइनचं स्मारक पाहिलंय. कबर नाही अशांची नावं तिथल्या भिंतीवर आहेत, त्यात त्याचंही आहे. बाकीच्या नावांएवढ्याच आकारात, वय वगैरे काही नाही. गाइड पुढे गेला, मी त्या रांगेत नाव शोधत राहिलो आणि बस चुकता चुकता राहिली.

रोखठोक
धमकीचं माहीत नव्हतं. ‘अक्कल गहाण’ मागे घेतो. वय न तपासणाऱ्यांबद्दल मात्र माझं मत कायम आहे.

हॉथॉर्नकर
काका, टपालदादा, दोघांचं लेकाला वाचून दाखवलं. त्याने जहाज, बटालियन, सगळ्या तारखा कापल्या आणि पत्रापासून सुरुवात केलीय. ‘माझं झकास चाललंय’ हे वाक्य हसऱ्या आवाजात म्हणायचं की साध्या, यावर काल अर्धा तास वाद घातला. तो म्हणतो, हसूनच, कारण जिमला पुढचं माहीत नव्हतं.

त्याला सगळ्यांत जास्त अडकवलं ते चार तासांनी. शनिवारी आम्ही तलावावर गेलो तर म्हणाला, आई, घड्याळ लाव. काठाला हात न लावता तरंगत राहायचं. मी बाकावर बसून मोजत होते. बाविसाव्या मिनिटाला ओठ निळे करून बाहेर आला, टॉवेल मागितला आणि म्हणाला, इथलं पाणी गरम करतात ना?