हायड्रोसीलच्या ऑपरेशननंतर घरी ड्रेसिंग, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, वडिलांचं हायड्रोसीलचं (अंडकोषाभोवती पाणी साठतं ते) ऑपरेशन झालंय, आता घरी नाशिकला म्हसरूळला आणलंय. प्रॉब्लेम ड्रेसिंगचा आहे. अण्णा इतके लाजतात की मलाही धड बघू देत नाहीत, आणि काल गॉज टाक्यांना चिकटलेला तो तसाच सुका ओढला तर केवढ्याने ओरडले, मग कंपाउंडरला फोन केला तर म्हणे आधी सलाइनने भिजवा, पाच मिनिटं थांबा, मग आपोआप सुटतो. हे डिस्चार्ज देतानाच सांगायला काय जात होतं?

सूज अजून आहे, हाताला कडक लागते, डॉक्टर म्हणाले उतरायला काही आठवडे जातात, ताप, पू किंवा एकदम वाढलेली सूज दिसली तर मात्र लगेच या. तसं काही नाहीये सध्या. टाके विरघळणारे आहेत.

म्हसरूळ-पंचवटी साइडला घरी येऊन ड्रेसिंग करणारा कोणी ब्रदर (मेल नर्स) माहीत आहे का, पुरुषच हवा, नाहीतर अण्णा दार लावून घेतील. आणि अंडकोषाला आधार द्यायचा तो लंगोटासारखा सपोर्टर रात्री झोपताना पण घालायचा का हो, उकाड्यात घामाने ड्रेसिंग ओलं होतं, तुमच्याकडे कोणी काय केलं? शेजारच्या काकांनी हळद-तूप सुचवलंय, ते सोडून सांगा प्लीज.