घरामागे देशी झाडं लावायची आहेत, सावलीसाठी कोणतं घ्यावं?

नमस्कार. घरामागे साधारण ४० बाय २५ फुटांची मोकळी जागा आहे. जमीन मुरमाड, पाणी ठरत नाही. तिथे घाणेरी, म्हणजे बाहेरदेशातून आलेलं तणासारखं झुडूप, माजली होती. दोन पावसाळे खपून ती मुळासकट काढली. आता तिथे देशी झाडंच लावायची, हे पक्कं आहे.

अडकले आहे मोठ्या झाडापाशी. पश्चिमेची भिंत दुपारनंतर इतकी तापते की रात्री उशिरापर्यंत खोलीत बसवत नाही. मनात पहिल्यापासून बहावा होता. पण एप्रिल-मे महिन्यांत, नेमकी सावली हवी तेव्हा, त्याची पानं गळलेली असतात. फुलांची पिवळी झुंबरं कितीही सुंदर दिसली तरी त्यांनी ऊन अडत नाही. मग करंज लावू का? आणि भिंतीपासून किती लांब?

झुडपं जवळपास ठरली आहेत: शिंजिरांसाठी (फुलांतला मध पिणारे चिमुकले पक्षी) धायटी, एका कडेला निरगुडी, कुंपणाला करवंद. कळलावी फार आवडते, पण घरात लहान मूल आहे आणि तिचा कंद विषारी, म्हणून ती नको. लॉनही नको. उताराला वाळा लावणार आहे, बाकी मारवेल गवत. ते वाळलं की कापायचं की तसंच ठेवायचं?

आणखी एक. मागे 'अशोक' म्हणून आणलेलं रोप मोठं झाल्यावर आसुपालव निघालं. या वेळी सीता अशोक हवा आहे. रोप लहान असताना कसा ओळखायचा?

प्रतिसाद:

ताई, पश्चिमेला करंजच लावा. त्याचीही पानगळ होते, पण थोड्याच दिवसांत पोपटी पालवी फुटते आणि ऐन उन्हाळ्यात सावली दाट असते. भिंतीपासून १५ फूट तरी सोडा. दुपारनंतरचं ऊन तिरपं येतं, त्यामुळे झाड भिंतीला खेटून असायची गरज नाही. करंजाच्या बिया मात्र खाण्याजोग्या नसतात, शेंगा गळू लागल्या की मूल खेळतं तिथून उचलत चला.

सीता अशोकाचं पान संयुक्त असतं, एका देठावर पर्णिकांच्या जोड्या. कोवळी पालवी तांबूस आणि खाली लोंबणारी. आसुपालवाचं पान एकेकटं, लांब, कडा नागमोडी. पण मुरमाड जागी, भर उन्हात सीता अशोक तग धरणार नाही. त्याला ओल आणि थोडी सावली लागते. आधी करंज वाढू द्या, मग त्याच्या आडोशाला लावा.

मारवेल वाळलं म्हणून लगेच कापू नका. बी मुनियांना, म्हणजे दाणे टिपणाऱ्या छोट्या पक्ष्यांना, खाऊ द्या, वाळकी पाती त्या घरट्यालाही नेतात. पावसाच्या जरा आधी बुंध्याशी चार बोटं ठेवून कापा, पहिल्या सरींनंतर ते पुन्हा फुटेल.