विडी कामगारांच्या घरांचे फोटो काढायचेत, पण फायदा होतो का?

सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या बायकांच्या घरांवर फोटो आणि थोडं लिखाण करायचंय. एकाच खोलीत चूल, तंबाखूचं सूप, झोपणं सगळं, पण आत इतका अंधार की मोबाइलवर काहीच येत नाही. आणि फोटोनं काय बदलतं का खरंच?

➤ बदलतं की बे! न्यूयॉर्कचा जेकब रीस वाच, पोलिसांच्या बातम्या द्यायचा, फ्लॅश पावडर पेटवून अंधाऱ्या भाड्याच्या खोल्यांचे फोटो काढले, 1890 ला पुस्तक आलं आन् 1901 ला तिथं उजेड-हवा सक्तीची करणारा कायदा झाला. एकट्या त्याच्यामुळं नाही म्हणा.

➤ पण तो रात्री न विचारता घुसून फ्लॅश उडवायचा, ते नको करू बाबा. आधी चार दिवस नुसतं जाऊन बस, कॅमेरा पिशवीत. बऱ्याच जणी घरात तेलुगू बोलतात, ती येत नसेल तर गल्लीतल्या एखाद्या अक्कांना सोबत घे. उजेडासाठी दार उघडं ठेव, पुरतं.

➤ सोलापूरजवळच्या कुंभारीचं ‘रे नगर’ पण बघून ये, विडी आणि इतर कामगारांसाठी 30,000 घरांची योजना, पहिली 15,000 जानेवारी 2024 ला दिली. एकाच बाईची जुनी खोली आणि नवं घर शेजारी लाव. आणि खाली भाडं किती, पाणी किती दिवसांआड, हे लिहीच.