रुपिन पास: जूनमध्ये धबधब्याची चढण आणि शेवटची घळ कितपत अवघड?

टेकडीकर:
जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रुपिन पास ही हिमालयातली खिंड, उत्तराखंडातलं धौला ते हिमाचलातलं सांगला अशी, करायचं घाटतंय. चौघे आहोत, सगळे पुण्याचे. नळीच्या वाटेसारख्या सह्याद्रीतल्या वाटांची सवय आहे, बर्फावर मात्र कुणीच चाललेलं नाही. धबधब्याशेजारची चढण आणि पासखालची घळ, यातलं जास्त अवघड काय? मायक्रोस्पाइक्स (बुटांवर चढवायच्या दातेरी साखळ्या) पुरतात का? आणि झाका गावानंतर सरळ वर जावं की मध्ये एक दिवस थांबावं?

घसारा:
दम काढते ती घळ, पण जास्त धोका धबधब्याजवळच्या बर्फावर. कारण साधं आहे: पाय सुटला तर खाली काय आहे ते बघा. घळीत दोन्ही बाजूंना कडे असतात, जूनमध्ये पायऱ्या खोदलेल्या सापडतात आणि बहुतेक गाइड दोर लावतात. धबधब्याच्या अंगाने चढताना तिरके बर्फाचे पट्टे आडवे पार करावे लागतात. त्यांची लांबी फार नसते, पण घसरलात तर थेट खडकांत किंवा पाण्यात.

आडवं जाताना बुटाची डोंगराकडची कड बर्फात रोवायची, काठी डोंगराच्या बाजूच्या हातात, आणि आधीच्या माणसाच्या खाचेतच पाऊल. घाबरून डोंगराकडे झुकलात की पाय हमखास सुटतो. सरळ उभं राहिलं की वजन तळव्यावर येतं. घसाऱ्यावर चालताना हीच सवय लागलेली असते, म्हणून तुम्हाला अर्धं काम येतंच आहे.

बर्फाच्या पुलांची गोष्ट वेगळी. खालून वाहणारं पाणी पूल आतून पोखरत असतं, वरून तो अगदी शाबूत दिसतो. कडेला, जिथे बर्फ खडकाला टेकतो, तिथे तो सगळ्यात पातळ. उन्हाने तापलेला खडक बाजूचा बर्फ आधी वितळवतो आणि पोकळी तयार होते. तेव्हा खडकाला लगटून चालू नका, एकेकाने पार करा आणि त्या वेळी सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवा. हे सगळं सकाळी.

मायक्रोस्पाइक्स पुरतात, पण बुटाचा तळवा कडक हवा. सह्याद्रीत चालणारे मऊ रबरी तळव्याचे बूट इथे वाकतात आणि साखळी टाचेवरून निसटते. घरीच बुटांवर चढवून दोन-चार जिने चढून बघा. गुडघ्यापर्यंतचे गेटर्स (बुटाच्या तोंडावरून पायाला बांधायची आवरणं) हवेतच, नाहीतर बर्फ बुटात जातो आणि दुपारपर्यंत मोजे ओले.

हिमरेषा:
वरच्याशी सहमत, फक्त वेळेचं गणित जोडतो. वरच्या धबधब्याच्या कॅम्पवरून (सुमारे ४,००० मीटर) पहाटे ४ ते ४:३० ला निघा आणि १० च्या आत पासवर (४,६५० मीटर) पोचा. रात्री बर्फ गोठून घट्ट होतो, स्पाइक्स धरतात. ऊन चढलं की तोच बर्फ भुसभुशीत होतो आणि मांडीपर्यंत पाय रुततो. शिवाय घळीच्या कडेचे दगड बर्फानेच धरून ठेवलेले असतात. तो सैल झाला की दगड सुटतात. म्हणून घळीत हेल्मेट घाला, एकमेकांच्या बरोबर खाली उभे राहू नका, आणि फोटोसाठी तर मुळीच थांबू नका.

पलीकडे उतरताना बरेच जण बर्फावर बसून घसरतात. मजा येते, पण त्याआधी स्पाइक्स काढाच. वेगात दात बर्फात अडकला तर घोटा मोडतो. खाली दगड किंवा भेग दिसत असेल तर घसरू नका, टाच रोवत उतरा.

कापूरगोळी:
थांबण्याबद्दल: धंदेरास थाचला (खालचा धबधबा, सुमारे ३,५६० मीटर) उंचीची सवय व्हायला एक पूर्ण दिवस ठेवा. हा दिवस वाचवणारे बेत मला पटत नाहीत. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असा सर्वसाधारण नियम आहे, आणि झाक्याकडून येताना तो मोडायला फार वेळ लागत नाही. त्या दिवशी लोळत पडू नका. दोनेकशे मीटर चढून परत या.

दुसरं म्हणजे माघारीचा निर्णय धंदेरासलाच घ्यायचा. तिथून खाली उतरणं सोपं आहे. धबधबा चढून गेल्यावर आजारी माणसाला त्याच तिरक्या बर्फावरून खाली आणावं लागतं. डोकं दुखतंय, जेवण जात नाही, मळमळतंय, अशी अवस्था विश्रांतीनंतरही तशीच असेल तर तो गडी वर न्यायचा नाही. बसल्या जागी धाप लागणं, ओला खोकला, सरळ रेषेत टाचेला पंजा लावून चालता न येणं, यांपैकी काहीही दिसलं तर रात्र असली तरी लगेच खाली.

डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) साधारणतः १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायला लागण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर चालत नाही, म्हणून आधी डॉक्टरांना विचारा. बोटांना मुंग्या येणं आणि वारंवार लघवीला लागणं हे अपेक्षित परिणाम आहेत, घाबरू नका.

आणि काळा चष्मा. ढगाळ हवेतही. बर्फावरच्या उन्हाने डोळे भाजलेलं काही तासांनी कळतं, तेव्हा उशीर झालेला असतो.

टेकडीकर:
फारच उपयोगी, आभार. तयारीसाठी सिंहगड पुरेल का? आणि जादा सामानाचं काय करायचं?

घसारा:
आतकरवाडीकडून, ८ किलोची सॅक पाठीवर घेऊन, न थांबता तासाभरात वर गेलात तर चढाईपुरता दम आहे. उतरणही पळत न करता मोजून करा. सांगल्याकडची उतरण लांबलचक आहे आणि गुडघे तिथेच बोलतात.

सामानाचं दुखणं खरं आहे, कारण सुरुवात उत्तराखंडात आणि शेवट हिमाचलात. डेहराडूनला ठेवलेली बॅग सांगल्याला आपोआप येत नाही. येता-जाता दोन्हीकडे दिल्ली लागत असेल तर परतीचे कपडे तिथेच ठेवा. सांगला ते शिमला साधारण दिवसभराचा प्रवास, आणि दरडीमुळे रस्ता बंद पडला तर त्याहून जास्त. त्यामुळे परतीच्या तिकिटाआधी एक दिवस मोकळा ठेवा.

हिमरेषा:
तारीख पुढे ढकलू मात्र नका. जूनअखेरीस पाऊस पोचू लागतो आणि धौल्याच्या वाटेवरचा नेटवाडच्या पुढचा रस्ता दरडींनी अडतो. सप्टेंबरच्या मध्यानंतर पुन्हा चांगले दिवस येतात, पण तेव्हा घळीत बर्फ नसतो, नुसता सुटा दगड. नळीच्या वाटेच्या माणसाला तो कदाचित जास्त ओळखीचा वाटेल.