ढब्बूला शिमला म्हणायची काय गरज?

पूर्वभाग_सोलापूर: काल लक्ष्मी मंडईत अर्धा किलो ढब्बू मागितली तर गाड्यावरचं पोरगं नुसतं तोंडाकडं बघत बसलं, शेवटी शेजारची मावशी म्हणली अरे शिमला दे त्यांना. लई वाईट वाटलं. भोपळी म्हणा, ढोबळी म्हणा, आपली ढब्बू म्हणा, नाव घेतलं की आकार डोळ्यापुढं येतो. शिमल्यातनं काय कळतं? मिरची मुळात अमेरिका खंडातली, इकडं आणली पोर्तुगीजांनी.

कडकभाकरी: पटत नाही दादा. मंडईत तेलुगू, कन्नड, हिंदी सगळं गिऱ्हाईक येतं, शिमला म्हणलं की सगळ्यांना कळतं, त्या पोराला धंदा करायचाय. आणि माझं म्हणणं तर पुढचं आहे, जिला तिखटपणाच नाही तिला मिरची तरी का म्हणायचं? शेंगा चटणीच्या गावात ती नुसती फळभाजी.

पूर्वभाग_सोलापूर: मग ब्याडगीचं काय करता? चटणीला लालभडक रंग यावा म्हणून ब्याडगी आणि झणका यावा म्हणून लवंगी किंवा गुंटूर, असं मिसळूनच घेतो की आपण. ब्याडगी कमी तिखट म्हणून तिला कुणी मिरचीतनं काढत नाही.

उखळ_मुसळ: ताई म्हणून सांगते, ढब्बू आणि ब्याडगी दोन्ही एकाच जातीतल्या, कॅप्सिकम ॲन्युअम. तिखटपणा कॅप्सेसिनचा, ते ढब्बूत तयारच होत नाही म्हणून १९१२ साली स्कोव्हिलनं काढलेल्या मापावर ती शून्य. आणि तिखट मिरचीत सगळ्यात जास्त जाळ बियांत नसतो बरं का, बिया ज्याला चिकटतात त्या पांढऱ्या गाभ्यात असतो. ठेचा सौम्य पाहिजे तर तो गाभा खरवडून काढा, नुसत्या बिया झटकून भागत नाही.

कडकभाकरी: जात एक असंल ताई, पण जिभेला विचारा की. भरल्या ढब्बूत काळं तिखट तुम्हीच घालता ना?

उखळ_मुसळ: घालते की, शेंगदाण्याचं जाडसर कूट, तीळ, काळं तिखट, मीठ, थोडा गूळ असं दाबून भरायचं आणि लोखंडी तव्यावर झाकण ठेवून साल जागोजागी काळी पडेपर्यंत परतायची. सालीचा तो भाजका गोडसर वास वांग्याला येत नाही आणि दोडक्यालाही नाही. तिखट बाहेरचं असतं, वास तिचा स्वतःचा.

कडकभाकरी: वासाचं मान्य. पण गाड्यावर मी शिमलाच मागणार.

पूर्वभाग_सोलापूर: मागा की. मी त्या पोराकडनं परत ढब्बूच घेणार, दोनचार खेपांत त्याला कळंल.